लाल औषधाचा हिशेब मुलांच्या हाती द्या
बालकर्करोग विभागांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील बालकर्करोग व रक्तविकार विभागांतील सर्व डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या ओपीडीतली गर्दी मी पाहिलेली आहे आणि लांबलचक पत्रं वाचायला तुम्हाला सवड नसते हेही ठाऊक आहे. ब्लड कॅन्सरचे उपचार संपवून घरी निघालेल्या प्रत्येक मुलाच्या हातात अर्ध्या पानाचा एक कागद द्या. अँथ्रासायक्लिन या केमोच्या गटातलं कोणतं औषध दिलं, शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम दिलं आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मिळून एकूण किती झालं, एवढं त्यावर लिहा. हे औषध मुलाला वाचवतं, पण वर्षांनंतर त्याचं हृदय कमकुवत करू शकतं. पुढचं सगळं पत्र म्हणजे हा कागद का हवा याचं स्पष्टीकरण आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. केमो मी देत नाही, ते माझं शास्त्र नव्हे. तुम्ही बरी करून घरी पाठवलेली मुलं पंधरा-वीस वर्षांनी दम लागतो म्हणून ज्यांच्या दारात येतात, त्या डॉक्टरांपैकी मी एक.

पेशंटच्या घरचे अँथ्रासायक्लिनला ‘लाल औषध’ म्हणतात. सलाईनच्या नळीतून उतरणारा तो माणकासारखा रंग, दुसऱ्या दिवशी लालसर झालेली लघवी आणि तिला रक्त समजून घाबरलेली आई हे तुमच्या वॉर्डातलं रोजचं दृश्य. डॉनोरुबिसिन असो, डॉक्सोरुबिसिन असो की इडारुबिसिन, घरच्यांसाठी सगळं ‘लाल’च. त्यांचं तिथंच थांबलं तर समजू शकतो. पण डिस्चार्ज कार्डावरही कित्येकदा एवढंच लिहिलेलं असतं: ‘प्रोटोकॉलप्रमाणे केमोथेरपी पूर्ण’. कोणता प्रोटोकॉल (म्हणजे औषधांचं ठरलेलं वेळापत्रक), त्याची कोणत्या सालची आवृत्ती, त्यातला एखादा डोस ताप आला म्हणून गाळला होता का, यातलं काहीच कळत नाही.

या पत्रामुळे कुणी आईबाप लाल औषधाला नकार देऊ नयेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. हे औषध नसतं तर ज्यांच्याविषयी मी लिहितो आहे ती बहुतेक माणसं आज नसतीच. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या दक्षिणेकडे, कास्तेल देल मोंते या तेराव्या शतकातल्या किल्ल्याच्या परिसरातली माती मिलानच्या फार्मइटालिया कंपनीच्या प्रयोगशाळेत आली. तिच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूनं एक लाल द्रव्य तयार केलं, आणि त्यातून डॉनोरुबिसिन मिळालं. साधारण त्याच सुमारास फ्रान्समधल्या रोन-पुलांक कंपनीलाही वेगळ्या जिवाणूपासून तेच द्रव्य सापडलं. (स्ट्रेप्टोमायसिस आपल्याला परके नाहीत. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातल्या जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं होतं.) 1973 मध्ये सायटाराबिन हे केमोचं दुसरं औषध सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस अशी जोडणी मोठ्या माणसांच्या अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरसाठी प्रसिद्ध झाली. ‘सेव्हन प्लस थ्री’ या नावानं तुम्ही ती आजही वापरता. पन्नास वर्षं टिकून राहिलेला कर्करोगावरचा उपचार म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरमध्येही अनेकदा सुरुवातीच्या महिन्यातच डॉनोरुबिसिनची गरज पडते. टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटनं 1980 च्या दशकात हाती घेतलेल्या एमसीपी-841 प्रोटोकॉलमध्येही ते होतं. त्या प्रोटोकॉलवर बरी झालेली मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत.

प्रश्न त्यांच्या हृदयाचा आहे. हे तुम्हाला सांगणं म्हणजे सोनाराला सोनं ओळखायला शिकवणं. पण पत्र खुलं आहे, तुमच्याबरोबर इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगतो. अँथ्रासायक्लिन पेशीच्या डीएनएच्या पेडांमध्ये शिरतं आणि टोपोआयसोमरेज-2 या विकराचं (एन्झाइमचं) काम अर्ध्यावर अडवतं. डीएनए तुटतो, तो पुन्हा जुळत नाही आणि भराभर वाढणारी ल्युकेमियाची पेशी मरते. याच विकराचा बीटा हा प्रकार हृदयाच्या स्नायूपेशींत असतो, आणि औषध त्यालाही सोडत नाही. रक्तपेशी मज्जेतून पुन्हा तयार होतात. हृदयाचे स्नायू मात्र गेले की जवळपास गेलेच. उरलेल्या स्नायूंवर हृदय वर्षानुवर्षं काम चालवतं. मूल वाढतं, त्याच्या अंगाबरोबर हृदयावरचा भारही वाढतो, भिंती मात्र त्या मानानं पातळच राहतात. अमेरिकेत स्टीव्हन लिपशुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्सोरुबिसिन घेऊन काही वर्षं उलटलेल्या त्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या हृदयात काही ना काही बिघाड दिसला. बहुतेकांना तेव्हा कसलाही त्रास होत नव्हता. सगळ्यांचं हृदय निकामी होतं असं मुळीच नाही, तसं थोड्याच जणांच्या वाट्याला येतं. पण कुणाच्या, हे आधीच ओळखण्यासाठी आपल्या हातात जे सर्वांत भरवशाचं साधन आहे ते म्हणजे एकूण डोसाचा आकडा. बाकीच्या गोष्टी, म्हणजे उपचाराच्या वेळचं लहान वय, मुलगी असणं, छातीला दिलेलं रेडिएशन, पुढे जडलेला रक्तदाब, या त्याच्यावर चढत जातात.

आणि नेमका तोच आकडा माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

एक पेशंट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. विशीतली मुलगी, पहिलटकरीण, आठवा महिना. पायऱ्या चढताना दम लागतो, रात्री उशाला दोन उशा घ्याव्या लागतात, पाय सुजलेत. आठव्या महिन्यात दम लागला तर आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘रक्त कमी आहे’. हिमोग्लोबिन खरोखरच कमी होतं. रक्ताची पिशवी लावायची तयारी झाली होती. छातीत खालच्या बाजूला घरघर ऐकू आली म्हणून मी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आणायला सांगितलं. पंपिंग पस्तीस टक्क्यांच्या आत. अशा हृदयावर घाईघाईनं रक्त चढवलं असतं तर फुप्फुसात पाणी भरलं असतं. घरच्यांना विचारलं, लहानपणी काही मोठा आजार? सासूबाई म्हणाल्या, काही नाही, पोरगी ठणठणीत. आई मान खाली घालून उभी. थोड्या वेळानं ती एकटीच केबिनमध्ये आली आणि दार लावून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, सातव्या वर्षी हिला रक्ताचा आजार होता. लाल सलाईन लावायचे. पण तिकडं बोलू नका.”

मुलगी वाचली, बाळही वाचलं. पण त्या दिवसांत मला एक आकडा हवा होता आणि तो कुठंच नव्हता. फाईल लग्नाच्या आधीच चुलीत गेली होती. जिथं उपचार झाले तिथं फोन केला, तर इतक्या जुन्या नोंदी ठेवलेल्या नाहीत असं उत्तर मिळालं. उत्तर देणाऱ्या कारकुनाचा दोष नाही. नियमच तसा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून 3 वर्षं ठेवायच्या असतात. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचारच दोन-अडीच वर्षं चालतो. म्हणजे मूल शेवटची गोळी गिळून घरी जातं, तेव्हा त्याच्या पहिल्या डॉनोरुबिसिनच्या नोंदीला कायद्यानं जेमतेम काही महिन्यांचं आयुष्य उरलेलं असतं. मोठी रुग्णालयं यापेक्षा कितीतरी जास्त काळ नोंदी जपतात, याची मला कल्पना आहे. पण प्रत्येक मूल मोठ्या रुग्णालयात जात नाही.

आता कागदावर काय लिहायचं, याबद्दल थोडं आग्रहानं बोलतो. ‘24 मि.ग्रॅ. × 4’ एवढंच लिहून भागत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या शरीराचं क्षेत्रफळ साधारण 0.8 चौरस मीटर धरलं, तर ते 24 मिलिग्रॅम म्हणजे दर चौरस मीटरला 30. तेच 24 मिलिग्रॅम वर्षाच्या बाळाला दिले असतील तर गोष्ट पार निराळी होते. वीस वर्षांनी माझ्यासमोर बसलेल्या बाईचं तेव्हाचं वजन-उंची मला कुठून कळणार? म्हणून दर चौरस मीटरचा आकडा हवाच, आणि शेजारी त्या वेळचं वजन-उंचीही हवी.

दुसरं, औषधांची नावं वेगवेगळी लिहा. सगळ्यांची बेरीज करून ‘एकूण अँथ्रासायक्लिन इतकं’ असा एकच आकडा देऊ नका. तसं करणं सोयीचं वाटतं, पण पुढं ते अंगाशी येतं. कारण एका औषधाचं दुसऱ्यात रूपांतर करायचे गुणक बदलत राहतात. डॉनोरुबिसिनचा एक मिलिग्रॅम हृदयाला त्रास देण्याच्या बाबतीत डॉक्सोरुबिसिनच्या 0.83 इतका, असं पूर्वी धरायचे. पुढे बरे झालेल्या हजारो रुग्णांची माहिती एकत्र तपासल्यावर हा गुणक 0.5 च्या आसपास आला. अँथ्रासायक्लिनच्या नात्यातल्या मायटोझँट्रोनचं उलटं झालं. ते 4 पट धरायचे, आता 10 पटींच्या आसपास धरतात. म्हणजे दर चौरस मीटरला एकूण 180 मिलिग्रॅम डॉनोरुबिसिन मिळालेल्या पेशंटचा जुना हिशेब 150 च्या जवळ जायचा, नवा 90 येतो. मायटोझँट्रोन 24 मिळालेल्याचा 96 वरून थेट 240 वर जातो. हे आकडेमोडीचे खेळ नाहीत. बालपणीच्या कर्करोगानंतरच्या तपासण्यांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं याच आकड्यावर उभी आहेत. डॉक्सोरुबिसिनच्या मापानं 250 किंवा त्यापुढं गेलेल्यांनी दर 2 वर्षांनी इको करावा, 100 ते 250 मधल्यांनी दर 5 वर्षांनी, आणि 100 च्या आत असलेल्यांना, छातीला रेडिएशन दिलेलं नसेल तर, नियमित इकोची गरज नाही. उद्या गुणक पुन्हा बदलला तर मूळ आकडे हाताशी असलेला पेशंट पुन्हा हिशेब मांडू शकतो. ज्याच्याकडे नुसती बेरीज आहे तो अडकला.

या 100 च्या आतल्या गटाकडे तुमचं खास लक्ष वेधतो. कागद नसल्यामुळे नुकसान फक्त जास्त डोसवाल्यांचंच होतं असं नाही. ज्याला खरं तर काहीच धोका नाही असा पोरगा इंटरनेटवर काहीबाही वाचून दरवर्षी इको करून घेतो, ईसीजीत जरा काही दिसलं की त्याची झोप उडते, पोलीस भरतीला जाऊ की नको म्हणून विचारायला येतो. त्याला ‘जा, धाव’ असं ठामपणे सांगायलाही मला तोच आकडा लागतो.

मुलाचा आजार उलटला तर हा कागद तुमच्याच कामाला येतो. नाशिकला बरं झालेलं मूल चार वर्षांनी नागपुरात पुन्हा ल्युकेमिया घेऊन उभं राहिलं, तर दुसऱ्यांदा अँथ्रासायक्लिन किती देता येईल हे आधी किती दिलं त्यावरच ठरणार. डॉनोरुबिसिनच्या बाबतीत प्रौढांना दर चौरस मीटरला एकूण 550 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, छातीला रेडिएशन झालं असेल तर 400, आणि दोन वर्षांवरच्या मुलांना 300, ही मर्यादा औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेली असते. आधीचा आकडा माहीत नसेल तर डॉक्टर एक तर भीतीपोटी औषध कमी देतो, किंवा अंदाजानं जास्त देतो. दोन्हीकडून किंमत मूलच मोजतं.

‘आम्हाला वेळ नाही’ हे उत्तर मला अपेक्षित आहे, आणि ते खोटं नाही. एका निवासी डॉक्टरच्या अंगावर किती खाटा असतात ते मी विसरलेलो नाही. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दावा मंजूर करून घेताना आपण केमोच्या सायकलींचे कागद, डोसांसकट, संगणकावर चढवतोच ना? पैशाचा हिशेब देण्यासाठी जी माहिती गोळा होते, तीच मुलाला देताना मात्र वेळ कमी पडतो, हे मला पटत नाही. फार्मसीच्या वहीत प्रत्येक डोसची नोंद असते. शेवटच्या केमोच्या दिवशी ती एका तक्त्यात उतरवायची. सिस्टर हे करू शकतात, समुपदेशक करू शकतात, डॉक्टरांनी तपासून सही करायची. युरोपात यासाठी ‘सर्व्हायव्हरशिप पासपोर्ट’ नावाची संगणकीय व्यवस्था उभी राहिली आहे. आपल्याकडेही सुरुवात झालेली नाही असं नव्हे. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक 1991 पासून आहे, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली बऱ्या झालेल्या मुलांचा ‘उगम’ हा गट 2009 पासून काम करतो. वाट माहीत आहे. परळच्या टाटापर्यंत पोहोचणाऱ्यांना जे मिळतं, ते लातूर-नांदेडच्या मुलालाही मिळावं, इतकंच.

कागदाची एक अडचण आहे, आणि ती तुमच्या वॉर्डातून दिसत नाही म्हणून इथं मांडतो. मुलीच्या घरच्यांना हा कागद नको असतो. कॅन्सर होऊन गेल्याचं कळलं तर स्थळं येणार नाहीत, आलेलं मोडेल, या भीतीनं ते स्वतःच फाईल नाहीशी करतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, भीती खरी आहे. म्हणून कागदाचं मोठं बाड नको. कागद आईबापांच्या कपाटापुरता राहू नये. मुलगी अठराची झाली की तिला स्वतःला बोलावून, घरच्यांना बाहेर बसवून, तिचा आकडा तिला समजावून सांगा. त्याचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये राहू दे. आभा या सरकारी आरोग्य-ओळख क्रमांकाला जोडता आला तर आणखी बरं, पण त्यावर विसंबून राहू नका, आमच्याकडे निम्मा वेळ रेंज नसते. तिला दोन गोष्टी नक्की सांगा. एक, दिवस जाण्याआधी किंवा गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत इको करून घ्यायचा. गरोदरपणात हृदयाला तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त फिरवावं लागतं, आणि लपून राहिलेला कमकुवतपणा नेमका तेव्हाच वर येतो. दोन, कुठल्याही भूल देणाऱ्या डॉक्टरला हे एकांतात सांगायचं. सासरी सांगायचं की नाही हा तिचा प्रश्न.

सार्वजनिक आरोग्य विभागातल्या कुणाच्या नजरेस हे पत्र पडलं तर त्यांच्यासाठीही एक छोटं काम आहे. माता व बाल संरक्षण कार्ड भरताना एएनएम ताई (आरोग्यसेविका) आधीची बाळंतपणं, रक्तदाब, साखर, झटके विचारतात. त्यात ‘लहानपणी केमोथेरपी किंवा छातीला रेडिएशन झालं होतं का?’ हा एक प्रश्न घाला, आणि तो सासूबाईंसमोर न विचारता वजन-उंची घेताना एकटीला विचारायची सूचना द्या. ज्या बाईचं उत्तर ‘हो’ असेल तिला इकोसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवायचं. अशा बायका संख्येनं फार नसतील, त्यामुळे इको मशीनवर ताण पडेल ही भीती बाळगू नये. आणि ल्युकेमियाच्या नोंदींसाठी तीन वर्षांची मुदत किती अपुरी आहे, याचा विचार करून राज्य पातळीवर निदान केमोच्या डोसांची नोंद कायम ठेवण्याचा आदेश काढता येईल.

तुमच्यापैकी ज्यांनी वीस वर्षांपूर्वी उपचार केले, त्यांच्याकडे जुन्या वह्या, रजिस्टरं, एखादी विसरलेली हार्ड डिस्क असू शकते. निवृत्त होताना ती रद्दीत घालू नका. विभागात जे कुणी तुमच्यामागून आले आहेत त्यांच्या हवाली करा आणि काय दिलं ते लिहून ठेवा. कुठल्याशा गावाहून माझ्यासारखा कुणी एक नाव आणि एक साल घेऊन फोन करेल, त्याला उत्तर मिळेल.

आईबापांनो, तुम्ही वाचत असाल तर डॉक्टरांनी कागद देण्याची वाट पाहू नका. लेखी अर्ज करून उपचारांच्या नोंदी मागितल्या तर त्या 72 तासांत देणं त्याच 2002 च्या नियमावलीनं बंधनकारक केलं आहे. अर्जात ‘डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन, इडारुबिसिन, मायटोझँट्रोन यांचा प्रत्येकी एकूण डोस, दर चौरस मीटरप्रमाणे’ असं स्पष्ट लिहा. मूल अजून उपचार घेत असेल तर हा अर्ज याच आठवड्यात द्या.

आपला,
मराठवाड्यातला एक फिजिशियन